हरणांची वही

मुलांना सहलीला कोठे न्यावे, हा प्रश्न प्रत्येक मुख्याध्यापकापुढे दरवर्षी उभा राहतो. पालकांना तीर्थक्षेत्र हवे असते, शिक्षकांना ऐतिहासिक स्थळ हवे असते आणि मुलांना काय हवे असते हे सहसा कोणी विचारीत नाही. मी एकदा विचारले. २०२२ साली सहावी-सातवीच्या वर्गात चिठ्ठ्या वाटल्या व त्यांवर आपल्या आवडीचे ठिकाण लिहावयास सांगितले. गोव्याचा समुद्र आला, विजापूरचा गोलघुमट आला. परंतु बऱ्याच चिठ्ठ्यांवर ठिकाणाचे नाव नव्हतेच. तेथे फक्त लिहिले होते, "हरणे असतील तेथे." एका चिठ्ठीवर पुढे भर घातली होती, "आणि त्यांना खायला घालायला मिळेल तेथे."

ती चिठ्ठी वाचून बाकीच्या शिक्षकांना कौतुक वाटले. मी मात्र ती हातात धरून बराच वेळ बसून राहिलो. त्या एका वाक्याने माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतील एक जुनी गोष्ट वर काढली होती. ती मी तोवर कोणालाही सांगितलेली नव्हती. आज ती सांगावयाची आहे. पण तिच्यापर्यंत क्रमानेच यावे लागेल.

हरणाला घास भरविण्याची ओढ मुलांत कोठून येते? मला वाटते, ती आपल्या घरातूनच येते. आपल्याकडे सणावारी गोग्रास काढून ठेवतात, पितृपक्षात कावळ्याला घास ठेवतात, मुंग्यांच्या वारुळापाशी साखर टाकतात. जीव लावणे म्हणजे घास देणे, हे समीकरण मूल बोलावयास शिकण्यापूर्वीच शिकते. वाङ्मयाने त्याला आणखी बळ दिले आहे. 'शाकुंतला'च्या चौथ्या अंकात सासरी निघालेल्या शकुंतलेचे वस्त्र मागून कोणीतरी ओढते. वळून पाहावे तो तिनेच साव्याचे दाणे मुठीमुठीने भरवून वाढविलेले हरणाचे पाडस! ज्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'संगीत शाकुंतल' मराठी रंगभूमीवर आणले, ते आमच्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यामुळे ही कथा शिकविताना आम्हा सीमाभागातल्या शिक्षकांना थोडा अधिकच उमाळा येतो. मलाही येत असे. त्या उमाळ्याच्या भरातच मी १९९८ च्या डिसेंबरात माझ्या वर्गाला घेऊन हरणे पाहावयास निघालो होतो.

मी तेव्हा याच शाळेत नवा शिक्षक होतो. सहल जिल्ह्याबाहेरच्या एका शहरात जाणार होती. तेथील बागेत जाळीच्या कुंपणाआड दहा-बारा चितळे ठेवलेली होती. आदल्या दिवशी मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'भूतदया' हा शब्द लिहिला, त्यावर अर्धा तास बोललो आणि शेवटी सांगितले, "उद्या येताना प्रत्येकाने हरणांसाठी मूठभर काहीतरी घेऊन यावे." मुलांनी मूठभर आणले नाही, पोटभर आणले. शेंगा, चपातीचे तुकडे, केळी, बिस्किटे आणि बेळगावकडचे म्हटल्यावर चुरमुरे तर आलेच.

जाळीपाशी एकच गर्दी झाली. हरणे सवयीची होती, धावत आली. मुले आनंदाने ओरडत होती. चौथीतला एक मुलगा मात्र मागे राहिला होता. अंगाने लहान, स्वभावाने बुजरा. त्याला पुढे जागा मिळेना. मी त्याला दंडाला धरून पुढे काढले आणि म्हणालो, "घाल, घाल, घाबरू नकोस." त्याने चुरमुऱ्यांची प्लास्टिकची पिशवी पुढे केली. ती सोडून मूठ भरण्याइतका धीर त्या हरिणीला नव्हता. तिने जाळीतून तोंड घालून पिशवीच ओढून घेतली आणि चघळत चघळत दूर गेली. सगळे हसले. मीही हसलो. तो मुलगा हसला नाही. तो माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, "काही होत नाही, टाकून देईल ती."

दोन महिन्यांनी एका प्रशिक्षणासाठी मी एकटाच त्या शहरी गेलो. संध्याकाळी सहज बागेत डोकावलो. हरणे कमी दिसली म्हणून राखणदाराला विचारले. तो म्हणाला, "एक मादी गेली. फुगली होती. फाडून पाहिली तर पोटात प्लास्टिकचा हा एवढा गोळा." त्याने दोन्ही हातांची ओंजळ करून दाखविली. पुढे म्हणाला, "सहलीची पोरं येतात ना, पिशव्यांसकट टाकतात."

ती हरीण तीच होती काय? त्या गोळ्यात आमची पिशवी होती काय? सिद्ध करता येणार नाही. एका पिशवीचा एवढा गोळा होत नाही. तो अनेक शाळांनी मिळून केलेला असणार. पण आमची पिशवी त्यात नव्हती, असेही मला छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. मी परत आलो आणि गप्प राहिलो. मुलांना सांगून त्यांचे मन कशाला दुखवावे, असे मी स्वतःला समजाविले. खरे कारण वेगळे होते. फळ्यावर 'भूतदया' मी लिहिले होते, आणि "घाल, घाल" असेही मीच म्हटले होते.

पुढे बदल्या होत गेल्या. खानापूर तालुक्यात राहिलो, बैलहोंगलकडे राहिलो आणि अखेर याच शाळेत मुख्याध्यापक म्हणून परत आलो. आणि मग ती चिठ्ठी हाती पडली.

मी सहल ठरविली. पण अट घातली. हरणे पाहावयास जायचे, पण खाण्याचा एक कणही बरोबर न्यायचा नाही. डबा बसमध्ये राहील. प्रत्येक गटाने फक्त पाहावयाचे आणि पाहिलेले लिहावयाचे. त्यासाठी शाळेने दोनशे पानांची एक वही घेतली व तिच्यावर 'हरणांची वही' असे लिहिले. मुले हिरमुसली. शिक्षकांपैकीही एकाने विचारले, "सर, नुसते पाहून मुलांना काय मिळणार?"

आम्ही बेळगावजवळच्या भुतरामहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात गेलो. तेथे कन्नडमध्ये पाटी होती. आमची मुले घरी मराठी बोलतात, बाजारात कन्नड बोलतात. त्यांना वाचावयास अडचण नव्हती. एका मुलीने मोठ्याने वाचले, "प्राणिगळिगे आहार नीडबेडि," आणि मागच्या लहान मुलांना लगेच मराठीत सांगितले, "जनावरांना खायला घालू नका म्हणालेत." मी त्यांना सांगितले की ही केवळ त्या पाटीची विनंती नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाली, तेव्हा प्राणिसंग्रहालयातील जनावरांना छेडणे, गोंगाट करून त्यांना त्रास देणे आणि त्यांना खायला घालणे, या सर्वांना एकाच कलमाने मनाई झाली. एका मुलाला याचे फार नवल वाटले. "म्हणजे दगड मारणं आन् बिस्कीट देणं एकाच कायद्यात?" असे त्याने विचारले. १९९८ साली हा कायदा सात वर्षांचा होता आणि मी पदवीधर शिक्षक होतो, हे त्या वेळी माझ्या मनात आल्यावाचून राहिले नाही.

पहिली दहा मिनिटे मुलांना काहीच दिसले नाही. हरणे दूर सावलीत बसलेली, मुले जाळीपाशी चुळबूळ करणारी. मग आपोआप आवाज खाली आले. आणि त्यानंतर वही भरू लागली.

एका गटाने लिहिले, "हरीण काही खात नसताना खात आहे." मी म्हटले, नीट पाहा. मुलीने पाहिले आणि म्हणाली, "गुरुजी, ते घास माघारी बोलावून घेतंय. मानेतून गोळी वर येताना दिसते." ही रवंथाची क्रिया आम्ही विज्ञानाच्या पुस्तकात किती वर्षे शिकवीत आहोत! पण गिळल्यावर क्षणभर थांबणारा जबडा आणि मानेतून वर सरकणारा तो गोळा तिने स्वतः पाहिला. मग तिने चावण्याच्या खेपा मोजल्या. एका घासाला सेहेचाळीस, दुसऱ्याला एक्कावन्न.

दुसऱ्या गटाच्या ध्यानात आले की कळपातली सगळी हरणे एकाच वेळी माना खाली घालीत नाहीत. कोणीतरी एक सदैव मान वर करून असते; त्याने मान खाली घातली की दुसरे वर पाहते. कान तर दोन दिशांना वळलेले : एक आमच्याकडे, एक मागच्या झाडीकडे. बाहेर एक मोटार धडधडली तेव्हा एका चितळाने पुढचा पाय जमिनीवर आपटला, शेपटी वर केली, तिच्याखालचा पांढरा भाग चमकला आणि सारा कळप उठून उभा राहिला. कोणी ओरडले नाही, घंटा वाजली नाही. आमच्या व्यायाम-शिक्षकांनी हे पाहून जो सुस्कारा टाकला, तो मी विसरणार नाही.

शिंगांविषयी तर वहीत दोन वर्षे वाद चालला होता. एका वर्षीच्या मुलांनी लिहिले, "मोठ्या चितळाला शिंगे नाहीत." पुढच्या वर्षीच्यांनी त्याखाली लिहिले, "खोटे. आहेत. त्यांवर लव आहे." पुढच्या खेपेला तिसऱ्याच गटाने लिहिले, "आहेत, आणि लव नाही." तिन्ही खरे होते. चितळ-सांबरांच्या नरांची शिंगे दरवर्षी गळतात व नवी फुटतात. फुटताना त्यांवर मखमलीसारखी कातडी असते, ती पुढे सुकून सोलली जाते. काळविटाचे तसे नाही. तो लोकभाषेत हरीण असला तरी चितळाच्या कुळातला नव्हे. त्याची पिळदार शिंगे आयुष्यभर टिकतात, आणि नर वाढत्या वयाबरोबर तांबूस रंगाचा काळा होत जातो. मुलांनी आधी काळा नर आणि तांबूस मादी ही दोन निराळी जनावरे म्हणून लिहिली होती. आदल्या वर्षीच्या मुलांनी लिहिलेले पान आज खोडावयाचे नाही, त्याखाली आपले लिहावयाचे, असा नियम त्यावरून आम्ही केला. एका वेळी पाहिलेले म्हणजे सारे सत्य नव्हे, हे व्याख्यान देऊन मुलांना कळले नसते. ते शिंगांनी शिकविले.

आणखी एक नोंद सांगण्याजोगी आहे. गवताच्या दाट कोपऱ्यात एक पाडस एकटेच निपचित पडलेले मुलांना दिसले. आई खूप दूर चरत होती. मुली कळवळल्या. "आईनं टाकलंय त्याला, गुरुजी!" आम्ही थांबलो. बऱ्याच वेळाने हरीण चरत चरत त्या बाजूला गेली, पाडस उठले, लुचले आणि पुन्हा गवतात दडले. पाडसाला गवतात लपवून दूर राहणे हीच तिची राखण होती. ती जवळ राहती तर शिकाऱ्या जनावराला पिलाचा पत्ता लागता. रानाकाठच्या गावांतून अशी पाडसे 'अनाथ' समजून लोक दयेने घरी उचलून आणतात आणि आईची व त्यांची कायमची ताटातूट करतात. दयेला डोळे नसले तर ती काय करते, याचे याहून बोलके उदाहरण मला पाठ्यपुस्तकात सापडलेले नाही.

खायला का घालू नये, हे मुलांना समजावून देणे मला आवश्यक वाटले. कारण केवळ 'नियम आहे' म्हणून पाळलेला नियम पाठ फिरताच मोडतो. गाई-म्हशींच्या घरची मुले. त्यांना फार सांगावे लागले नाही. हरणाच्या पोटात गाईसारखेच चार कप्पे असतात. पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीव राहतात व गवत-पाला कुजवून, आंबवून पचवितात. म्हणजे आपण हरणाला घास देतो, तो आधी त्या जिवांना देतो. त्यांना गवताची सवय. एकाएकी पीठ, पाव, धान्य, भात पोटात गेला की आंबण्याची क्रिया भलत्याच वेगाने होते, पोटात आम्ल वाढते, जनावर फुगते, प्रसंगी मरते. "आमच्या म्हशीनं पोतं फोडून जोंधळे खाल्ले, तवा असंच झालतं," असे एकाने लगेच सांगितले. आणि प्लास्टिकचे तर काय! ते कुजत नाही आणि पुढेही सरकत नाही. ते त्याच पहिल्या कप्प्यात साठत राहते आणि पोट भरल्याचा भास होऊन जनावर उपाशी मरते.

जगात हरणांना खाऊ घालण्याची प्रथा असलेली स्थळे नाहीत असे नव्हे. जपानमधील नारा या प्राचीन नगरीत हजाराहून अधिक हरणे देवस्थानाची म्हणून रस्त्यांतून मोकळी हिंडतात आणि यात्रेकरू त्यांना तांदळाच्या कोंड्याची, साखर नसलेली, त्यांच्यासाठीच केलेली बिस्किटे देतात. तेथे खाऊ ठरलेला, विक्रीही ठरलेली. तरीसुद्धा २०१९ साली तेथे काही महिन्यांत मेलेल्या चौदा हरणांपैकी नऊ हरणांच्या पोटात प्लास्टिक सापडले. एकाच्या पोटातील गोळा चार किलोंहून जास्त वजनाचा होता. हे मी वर्गात वाचून दाखविले. वाचताना मला त्या राखणदाराची ओंजळ दिसत होती. तरीही मी माझी गोष्ट सांगितली नाही.

याच चर्चेत एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला. त्या मुलाचे आजोळ जांबोटीच्या बाजूला आहे. तो म्हणाला, "गुरुजी, आमच्या मामाच्या शेतात हरणं, गवे, डुकरं येऊन भात खाऊन जातात. मामा रात्री माळ्यावर बसतो. आम्ही त्यास्नी रोजच घालतोय की!" वर्ग हसला, पण तो विनोद करीत नव्हता. शहरातल्या मुलाला हरीण हे चित्र असते. रानाकाठच्या मुलाला ते शेजारी असते, आणि शेजाऱ्याशी नाते गोडच असते असे नाही. त्या आठवड्यात मी त्यांना राम पटवर्धनांनी मराठीत आणलेल्या 'पाडस' या कादंबरीची गोष्ट सांगितली. मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेने ती मूळ १९३८ साली लिहिली. फ्लॉरिडाच्या रानातला ज्योडी एका पाडसाला जीव लावून वाढवितो. पण ते मोठे होऊन घराचे पीक खाऊ लागते, आणि शेवटी त्या मुलालाच त्याच्यावर गोळी झाडावी लागते. गोष्ट संपल्यावर कोणी काही बोलले नाही. मग जांबोटीचा तो मुलगाच हळूच म्हणाला, "त्यानं त्याला रानातच ठेवायचं होतं."

अशी तीन वर्षे गेली. वही निम्मी भरली. आणि २०२५ चा नोव्हेंबर आला.

त्या महिन्यात भुतरामहट्टीला थोड्या दिवसांत तीसच्या घरात काळवीट दगावले. घटसर्पाच्या जिवाणूंमुळे हे झाल्याचे वृत्तपत्रांत आले. घटसर्प आमच्या मुलांना परका नाही. पावसाळ्याच्या तोंडी त्यांच्या गोठ्यांतून त्याची लस टोचली जाते. वृत्तपत्र शाळेत आले त्या दिवशी सातवीच्या वर्गात मी गेलो, तेव्हा 'हरणांची वही' टेबलावर उघडी होती. ऑगस्टमध्ये याच मुलांनी तेथे काळवीट मोजले होते. एका नराच्या शिंगाला किती पीळ आहेत, त्याचे चित्र काढले होते. कोणी रडत नव्हते. सगळे माझ्याकडे पाहत होते. मग एका मुलीने विचारले,

"गुरुजी, आपण त्यास्नी काय घातलं नव्हतं न्हवं?"

"नाही," मी म्हणालो. "आपण काहीच घातले नव्हते. हा रोग आहे. तो आपल्यामुळे झालेला नाही."

तिचा चेहरा निवळला. एवढे सांगून मी थांबलो असतो तर चालले असते. पण सत्तावीस वर्षांपूर्वी माझ्याकडे पाहणारा एक चेहरा असाच निवळण्याची वाट पाहत होता आणि मी त्याला 'काही होत नाही' म्हणालो होतो. ही मुलगी त्याच मुलाची. तिच्या वडिलांचे नाव न घेता, स्थळाचे नाव न घेता मी त्या दिवशी वर्गाला सारी हकीकत सांगितली. फळ्यावरचा 'भूतदया' शब्द, चुरमुऱ्यांची पिशवी, राखणदाराची ओंजळ. काहीही वगळले नाही. वर्ग गप्प होता. शेवटी एकाने विचारले, "म्हणजे तुमीच सांगितलं होतं घालायला?"

"होय. मीच सांगितले होते."

शिक्षकाने मुलांसमोर चूक कबूल करावी की नाही, यावर मी पूर्वी परिसंवादांतून बरेच बोललो आहे. त्या दिवशी कळले की त्याविषयी बोलणे सोपे असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचा टेम्पो शाळेच्या फाटकापाशी थांबला. तिचे वडील दूध डेअरीचा टेम्पो चालवितात. मुलीने घरी गोष्ट सांगितली होती, आणि गोष्टीतला मुलगा कोण हे त्याला सांगावे लागले नव्हते. तो कचेरीत आला, बस म्हटले तरी बसला नाही. मी म्हणालो, "बाबा रे, हे तुला मी तेव्हाच सांगावयास हवे होते."

तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "मला म्हाईत होतं, गुरुजी. दहावीत असताना मामासंगं गेलो होतो तितं. त्या माणसानं मलाबी तसंच सांगितलं. तुमी काय बोलला न्हाईसा, म्हणून मीबी गप ऱ्हायलो."

म्हणजे मी त्याचे मन दुखू नये म्हणून जे लपविले, ते त्याने माझे मन दुखू नये म्हणून लपविले होते. एवढी वर्षे! त्याला किती रात्री त्या हरिणीने जागविले असेल, हे मी विचारले नाही. तोच म्हणाला, "आता सांगितलासा, बरं झालं. पोरगीला मी काय सांगणार होतो?" आणि दूध थांबले आहे म्हणून निघून गेला.

या फेब्रुवारीत आम्ही प्राणिसंग्रहालयात न जाता मागच्या बाकावरच्या त्या मुलाच्या आजोळी, जांबोटीकडे गेलो. भातानंतर पेरलेल्या मसुराच्या कडेला उजाडताना मुले उभी राहिली. हरीण एकही दिसले नाही. दिसले ते ओल्या मातीत उमटलेले दोन-दोन नखांचे खूर, लेंड्यांचे ढीग आणि कुरतडलेले शेंडे. मामांनी माळा दाखविला, रात्रींची गोष्ट सांगितली. परतताना रानातून कुत्रे भुंकल्यासारखा आवाज आला. मामा म्हणाले, "भेकर." मुले जागच्या जागी थांबली. भेकर दोनदा ओरडले आणि गप्प झाले. त्या दिवशीच्या पानावर वहीत फार थोडे लिहिले गेले आहे. पण मला ते पान सर्वांत चांगले वाटते. वर तारीख आहे, खाली खुराचे चित्र आहे आणि एवढेच वाक्य आहे, "ते तेथे होते. आम्ही त्याला पाहिले नाही. त्याने आम्हाला पाहिले असेल."

घरोघरच्या आईवडिलांना माझे एकच सांगणे आहे. मुलांना हरणे जरूर दाखवा. त्यांच्या मुठीत काही देऊ नका. त्यांना थोडा वेळ द्या. अर्धा तास उगीच उभे राहणे मोठ्यांना जड जाते, मुलांना दहा मिनिटांनंतर जमते. आणि तुमच्या हातून पूर्वी काही चुकले असेल तर तेही मुलांना सांगा. आपण समजतो त्यापेक्षा त्यांना ते पेलते.

जांबोटीला निघताना बसच्या दारापाशी एक जण उभा होता. टेम्पोची एक खेप दुसऱ्याला देऊन तो आला होता. प्रत्येक मुलाची पिशवी उघडून पाहत होता, प्लास्टिक काढून पोत्यात टाकीत होता. चुरमुरे घेऊन आलेल्या एका लहान मुलाला त्याने रागावले नाही. चुरमुरे कागदाच्या पुडीत बांधून दिले आणि म्हणाला, "हे तू खा. त्यांचं ते बघून घेतील."